तीस तासांची जागा

कायदा चांगलाच होता, हे आधी सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचून लोक उगाच कायद्याच्या नावाने बोटं मोडतील. जो माणूस आठवड्याला तीस तास काम करील आणि असे बारा आठवडे सलग भरील, त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या आजारपणाचा विमा मालकाने उतरवायचा, असं त्यात लिहिलं होतं. शब्द सरळ होते, कोणालाही कळतील असे. मालकालाही ते कळले. त्याने पुढच्याच हंगामापासून अठ्ठाविसावा तास भरला की माणसं घरी पाठवायला सुरुवात केली. जिथे एक माणूस उभा राहायचा तिथे दोन अर्धे उभे राहू लागले. मासळी तेवढीच, घाण तेवढीच, रक्त तेवढंच. फक्त विमा कोणालाच नाही.

हा मासळी डब्यांत भरायचा कारखाना होता. बोटी यायच्या तेव्हा चालायचा, एरवी त्याच्या फाटकाला कुलूप. छाटणीच्या दालनात चोवीस यंत्रं ओळीने मांडलेली होती. प्रत्येकाला हातभर लांब पातं. पायाखालची पट्टी दाबली की पातं खाली यायचं, माशाचं मुंडकं उडायचं आणि मागची स्प्रिंग पात्याला वर ओढून धरायची. ही स्प्रिंग एका लोखंडी आकड्यात अडकवलेली असे. आकडा नीट मिटलेला असला तर पातं तुमच्या हुकमात, उघडला तर ते त्याच्या मर्जीचं. हात पात्याखाली जाणारच, त्याशिवाय मासा सरकत नाही.

आपला लंबू सातव्या यंत्राचा सकाळचा अर्धा होता. उंच इतका, की यंत्रापुढे उभं राहायचं तर कमरेत मोडायला लागायचं. दुसरा अर्धा मास्तर. मास्तर पूर्वी कुठल्याशा शाळेत शिकवायचा, शाळा बंद पडली आणि तो मुंडकी छाटायला आला. रोज चार तास चाळीस मिनिटं, सहा दिवस, झाले अठ्ठावीस तास. लंबू सातला यायचा आणि अकरा चाळीसला जायचा. मास्तर पावणेबाराला यंत्र सुरू करायचा. म्हणजे सहा हंगाम हे दोघे एका जागेवर काम करत होते आणि रोज भेटत होते ती पाच मिनिटं.

या पाच मिनिटांचा एक धर्म होता. जाणाऱ्याने पात्याला धार लावून जायचं, आकड्याला तेल द्यायचं, स्प्रिंग ओढून बघायची आणि येणाऱ्याला म्हणायचं, "बघून घे." तो धर्म कारखान्याने घालून दिलेला नव्हता, जोड्यांनी आपला आपण घातला होता. मुकादमाला शिव्या द्या, मालकाला द्या, पण जोडीदाराला बोथट पातं देणारा माणूस हलकट, याबद्दल दालनात दोन मतं नव्हती.

लंबूच्या बायकोच्या पोटात गाठ होती. गर्भाशयात, पेरूएवढी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. महिन्यातले वीस दिवस ती रक्तात असायची. ओठ पांढरे पडले होते, जिना चढली की भिंतीला टेकून उभी राहायची. शस्त्रक्रिया करा, वर्षभराच्या आत करा, पुढचं मी सांगू शकत नाही, असं बाईंनी तोंडावर सांगितलं. शस्त्रक्रियेचा आकडा ऐकून लंबूने परत विचारलंच नाही. घरात सासू होती, ती लेकीची सेवा करायला आली होती आणि जावयाचा उद्धार करायला राहिली होती. "एवढा ताडमाड माणूस, आणि विम्याचा एक कागद काही हाताला लागत नाही," असं ती भांड्यांना ऐकवायची. भांडी गप्प राहायची, लंबूही गप्प राहायचा, कारण म्हातारीचं चुकत नव्हतं.

हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात फाटकावर सूचना लागली. एवढ्या मोठ्या कारखान्यात पूर्ण वेळेचा एकही कामगार कसा नाही, असं वरून कोणीतरी विचारलं होतं म्हणे. तेव्हा मालकाने मन मोठं केलं. प्रत्येक यंत्रावर एक जागा पूर्ण, आठवड्याला तीस तासांची. पहिल्या सात आठवड्यांत जोडीतला जो जास्त पेट्या भरील त्याला ती मिळेल. दुसऱ्याला रजा. सूचना वाचून लोक हसले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. जेमतेम दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून कोणी कोणाकडे बघेना.

मग जे सुरू झालं त्याला काम म्हणायची लाज वाटते. तिसऱ्या यंत्रावर एक मावशी आणि तिची भाची अशी जोडी होती. मावशीने भाचीच्या भरलेल्या दोन पेट्या आपल्या नावावर लावल्या. भाचीने एक रिकामी पेटी उचलून मावशीच्या तोंडावर मारली. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज पात्यांच्या आवाजातही ऐकू आला. जिने लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं तिला खाली पाडून भाची लाथा घालत होती, आणि बाकीची तेवीस यंत्रं थांबली नाहीत. थांबलं की पेटी मागे पडते. अकराव्या यंत्रावरच्या दोन सख्ख्या भावांपैकी धाकट्याने थोरल्याच्या पायावर उकळतं खारं पाणी ओतलं. चुकून सांडलं, म्हणाला. थोरल्याचं कातडं मोज्यासारखं निघालं आणि ती जागा पाचव्या आठवड्यातच पक्की झाली.

मुकादम हे सगळं काचेच्या खोलीतून बघायचा. तो वाईट माणूस होता असं म्हणून मोकळं होता आलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता पेट्यांकडे बघणारा माणूस होता, आणि पेट्या वाढत होत्या.

लंबू आणि मास्तर बरेच दिवस सभ्य राहिले. धार लागत होती, तेल पडत होतं. "बघून घे" तेवढं बंद झालं. चौथ्या आठवड्यात बायको न्हाणीघरात पडली, फरशीभर रक्त झालं, आणि लंबूच्या दोन पाळ्या बुडाल्या. त्याच आठवड्यात एका बुधवारी पातं इतकं बोथट निघालं, की मुंडकी तुटण्याऐवजी चेंगरायला लागली. त्याने ते आपल्या नशिबावर ढकललं. मास्तरवर संशय घ्यायचं त्याच्या मनात आलं नाही, आणि इथे सांगतो, आलं असतं तर पुढचं कदाचित हलकं झालं असतं.

सातव्या आठवड्याचा शनिवार उजाडला तेव्हा लंबू एकाच पेटीने पुढे उरला होता आणि दोघांची शेवटची एकेक पाळी बाकी होती. मास्तर अलीकडे एका पाळीत पन्नास पेट्या भरायला लागला होता. लंबूने त्या सकाळी जिवाच्या आकांताने छाटणी केली. डाव्या हाताची दोन नखं उडाली तरी थांबला नाही. अकरा चाळीसला पाटीवर शेहेचाळीस पेट्यांची भर पडली होती. म्हणजे तो हरला होता, तीन पेट्यांनी की चार, एवढाच काय तो प्रश्न.

त्याने पात्याला धार लावली. नेहमीपेक्षा जास्त चांगली लावली. मग पक्कड घेतली, आकड्याच्या तोंडात घातली आणि मनगट फिरवलं. लोखंड कुरकुरलं आणि आकडा बोटभर उघडला. स्प्रिंग त्याच्या टोकावर कशीबशी अडकून राहिली. मास्तर एप्रन बांधत आला, मान हलवली, आणि लंबू त्याच्या अंगावरून निघून गेला.

तो फाटकाबाहेर पडला नाही. फाटकाजवळच्या नळावर हात धूत राहिला. परत जावं, आकडा मिटवावा, काहीतरी विसरलो म्हणावं, असं त्याने स्वतःला दहादा सांगितलं. दहाही वेळा त्याच्या डोळ्यांपुढे बायकोचे पांढरे ओठ आले. दीड तास तो माणूस नळावर हात धूत होता. मग दालनातून किंकाळी आली आणि तो धावला. तेव्हा मात्र त्याला धावता आलं.

मास्तरची उजव्या हाताची चार बोटं यंत्राच्या पन्हळीत माशांच्या मुंडक्यांत पडली होती. पातं तळव्यातून तिरपं गेलं होतं. रक्त पिचकारीने उडत होतं आणि मास्तर जमिनीवर बसून ती बोटं मुंडक्यांतून वेगळी काढायचा प्रयत्न करत होता, डाव्या हाताने, अगदी मन लावून. लंबूने आपला पट्टा काढून त्याच्या दंडाला करकचून आवळला. मास्तरने त्याच्याकडे बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि तो आडवा झाला.

मुकादम आला तो हातात हजेरीचं कार्ड घेऊनच. मास्तरचा श्वास चालू आहे की नाही हे बघण्याआधी त्याने कार्ड बघितलं. कामाच्या तासांत हात तुटला तर विमा लगेच लागू होतो, बारा आठवड्यांची वाट बघत नाही. मोठ्या दवाखान्याचा सगळा खर्च कारखान्यावर, बरा होईपर्यंत माणूस कामावर धरायचा, शिवाय चौकशी. तासाबाहेर तुटला तर तो त्याचा स्वतःचा हात. हे मुकादमाने लंबूला हजेरीच्या यंत्राकडे ओढत नेताना दोन वाक्यांत सांगितलं.

हजेरीचं यंत्र जुनं होतं. त्याचे काटे मागे न्यायचे तर किल्ली फिरवून दोन्ही हातांनी दाबून धरावी लागे, आणि ती धरलेली असतानाच कार्ड खाचेत सरकवावं लागे. एकट्या माणसाला ते जमायचं नाही. मुकादमाने काटे अर्धा तास मागे नेले आणि हनुवटीने कार्डाकडे खूण केली.

"सरकव. तो पाळी अर्धी टाकून गेला, मग परत आत घुसला. जागा तुझी."

लंबूच्या हाताला मास्तरचं रक्त होतं. ते कार्डाला लागू नये म्हणून त्याने हात विजारीला पुसले. मग कार्ड सरकवलं. यंत्र टक् वाजलं, एवढंच.

त्या रात्री बायकोला त्याने सांगितलं, की जागा मिळाली. ती रडली. सासूने पहिल्यांदाच जावयाला आधी वाढलं. लंबू जेवला. भूक लागली होती त्याला, खोटं कशाला सांगू.

पुढचे अकरा आठवडे त्याने तीस तास भरले. मास्तरला मोठ्या दवाखान्यात नेलंच नाही. जवळच्या दवाखान्यात पट्टी बांधून घरी पाठवलं, हात सडला आणि पुढे मनगटापासून कापावा लागला, असं कानावर आलं. लंबूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याचं लक्ष आठवड्यांकडे होतं. दालनात सगळे आठवडे मोजायचे ते पहिल्या बोटीपासून. तीच त्यांची रीत. पहिली बोट आली तो पहिला आठवडा. त्या हिशेबाने बारा केव्हाच होऊन गेले होते, आणि विमा हंगामाच्या शेवटी सगळ्यांना एकदम देतील अशी प्रत्येकाची पक्की समजूत होती. कचेरीत जाऊन कोणी विचारलं नाही. मिळालेली जागा विचारून कोण घालवणार?

अठराव्या आठवड्यात बोटी थांबल्या आणि फाटकाला कुलूप लागलं. कचेरीतल्या बाईंनी लंबूला शांतपणे समजावलं. पहिले सात आठवडे अठ्ठावीस तासांचे, ते मोजायचे नाहीत. तीस तासांचे झाले अकरा. एक कमी पडला. सात आठवड्यांनी जागा द्यायची हे मालकाने बोटींचं वेळापत्रक बघूनच ठरवलं होतं, हे त्या बोलल्या नाहीत, पण त्यांनी मान खाली घातली. पुढच्या हंगामात पहिल्या दिवसापासून तीस तास, जुन्या माणसांना आधी घेऊ, नाव स्वच्छ ठेवा, असं म्हणून त्यांनी खिडकी लावली. पुढचा हंगाम आठ महिन्यांवर होता. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या वर्षातले तेवढेच उरले होते.

फाटकापुढे बाकीची तेवीस पूर्ण माणसं उभी होती. मावशीचं नाक मोडणारी भाची दगड घेऊन काचेच्या खोलीवर धावली आणि पहारेकऱ्यांनी तिला काठ्यांनी बडवलं. डोकं फुटेपर्यंत बडवलं. धाकटा भाऊ फाटकावर आपलंच कपाळ आपटत होता. लंबू तिथून निघाला तो सरळ मास्तरच्या घरी गेला. का गेला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. मार खावा असं त्याला वाटत होतं, एवढं खरं.

दोन खोल्यांचं घर होतं. दार मास्तरच्या बायकोने उघडलं. आतल्या खोलीत खाटेवर वीस-बावीस वर्षांची मुलगी उताणी पडलेली होती, पाठीला लोखंडी पट्ट्या बांधलेल्या. मास्तरला मुलगी आहे हे सहा हंगामांत लंबूला ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं. पाच मिनिटांत माणूस काय काय विचारणार. मास्तर खुर्चीवर बसला होता, उजवी बाही मनगटाशी शिवून टाकलेली. त्याने लंबूला बस म्हटलं. लंबू उभाच राहिला आणि उभ्या उभ्या बोलून मोकळा झाला.

"मास्तर, आकडा मी उघडला होता."

"माहीत आहे," मास्तर म्हणाला. "आल्या आल्या दिसला मला."

"मग तुम्ही यंत्र का नाही थांबवलंत?"

"मिस्त्री यायला अर्धा तास लागतो. अर्ध्या तासात पाच पेट्या जातात. मी जिंकत होतो." मास्तर थोडा हसलासुद्धा. त्या बुधवारचं बोथट पातं आपणच ठेवलं होतं, हेही त्याने सांगून टाकलं. तू काय आणि मी काय, त्या दालनात कोण धुतल्या तांदळासारखा होता, असं काहीसं म्हणाला. लंबूच्या छातीवरचं ओझं हललं. आता बसावं असं त्याला वाटलं.

तेवढ्यात मास्तरचा आवाज बदलला. बोटं गेली ती गेली, म्हणाला. मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर हात वाचला असता. विमा लागला असता, पोरीची पाठ बरी झाली असती. मला शुद्ध नव्हती तेव्हा कोणीतरी माझं कार्ड सरकवलं.

"किल्ली मुकादमाने धरली असणार. कार्ड कोणी सरकवलं?"

लंबूने आपल्या हातांकडे बघितलं. एवढ्यावर मास्तरला कळलं. तो उठला. ठोसा मारायला त्याला डावा हातच उरला होता, पण तो हात सहा हंगाम मासे ढकलत आला होता. पहिला ठोसा लंबूच्या कानावर बसला आणि तो भिंतीवर आदळला. मास्तरने त्याची मान भिंतीशी दाबून धरली.

"उद्या कामगार कचेरीत चल आणि हे सांग. त्यांना अजून विमा द्यावा लागेल."

सांगितलं की मुकादम जाईल, चौकशी होईल, आणि लंबूचं नाव काळ्या यादीत पडेल. पुढचा हंगाम नाही, बारा आठवडे नाहीत, शस्त्रक्रिया नाही. लंबूने हे सगळं एका क्षणात मोजलं.

"नाही," तो म्हणाला.

मास्तरने त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. चल, म्हणाला. लंबू नाही म्हणाला. मास्तरने त्याला खाली पाडलं, बरगडीत लाथ घातली, आणि परत विचारलं. नाही. मग खुर्ची उचलली. एका हाताने ती नीट उचलता येईना, म्हणून त्याने थोट्या मनगटाचा टेकू दिला आणि ती लंबूच्या पाठीवर घातली. खुर्चीचा पाय मोडला. थोट्यावरची जखम उसवली आणि दोघांचं रक्त एकाच फरशीवर सांडायला लागलं. लंबूने एकदाही हात उचलला नाही. डोकंसुद्धा झाकलं नाही. मार त्याला हवा होता, तो त्याच्या हक्काचा होता, आणि संध्याकाळपर्यंत मारला असता तरी तो तिथेच पडून राहिला असता. पण दर वेळी विचारलं, की तो नाही म्हणत होता.

आतून मुलगी ओरडत होती, की बाबा, पुरे. मास्तरची बायको ओल्या हातांनी दारात उभी होती. ती मध्ये पडली नाही. तिने फक्त एकदा विचारलं, घरी कोण आहे तुमच्या. बायको आहे, लंबूने जमिनीवरून सांगितलं.

शेवटी मास्तरच दमला. तो भिंतीला टेकून खाली बसला, लंबूपासून हातभर अंतरावर, आणि रडायला लागला. दोघे बराच वेळ तसे बसून राहिले. इतका वेळ ते दोघे याआधी कधी एका जागी बसले नव्हते. मग लंबू भिंतीला धरून उठला, तोंडातलं रक्त बाहीला पुसलं, आणि सवयीने म्हणाला, "येतो."

या, असं त्या घरातलं कोणी म्हणालं नाही.